ऑनर्सच्या मुलांनी मिटवलेलं भांडण

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार वगैरे राग ओसरल्यावर. फोन का केला नाही, म्हणून दादाकडे कुरकुर करू नकोस. फोनवर तुझ्याशी भांडताच येत नाही. मी म्हणावं, "मला संताप आलाय," की तू शांतपणे म्हणणार, "म्हणजे ताई, तुम्हाला संताप आलाय असं मी ऐकतेय." अगं, तेच तर मी म्हणाले. माझंच वाक्य धुऊन-पुसून मला परत कशाला देतेस? कागद तसं करत नाही, म्हणून पत्र.

तू चार महिन्यांसाठी दुसऱ्या गावच्या कॉलेजात तुझा 'शांतता आणि नेतृत्व'चा वर्ग सुरू करून द्यायला गेलीस. जाताना इथल्या तुझ्या ऑनर्सच्या अठरा मुलांना प्रात्यक्षिक देऊन गेलीस, की कॉलेजातलं एक खरं भांडण घ्या आणि मिटवा. त्यांनी ते आमच्या मेसमध्ये येऊन मिटवलं. भांडी धुण्याच्या खोलीत.

भांडण काय होतं ते सांगते, कारण मुलांच्या अहवालात ते सापडणार नाही. आमच्याकडे एक बाई आहे, पस्तिशीची, दोन मुलांची आई. बोलत नाही, म्हणून सगळ्या तिला घुमी म्हणतात. भांड्यांच्या मशीनचं झाकण वर उचललं की आतला पाण्याचा फवारा आपोआप बंद व्हायला हवा. तो खटका पाच आठवडे बिघडलेला होता. मी सुपरवायझरला तीनदा सांगितलं, तीनदा त्याने वहीत लिहून घेतलं. डिसेंबरच्या शेवटी घुमीच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत उकळतं पाणी आलं. ती अजून घरी आहे. आमची मागणी दोनच गोष्टींची होती. खटका दुरुस्त करा आणि हात बरा झाला की घुमीला कामावर परत घ्या.

मग तुझी मुलं आली. खुर्च्या गोल मांडल्या. दोन बैठका झाल्या आणि कागद तयार झाला: "सदर घटना घाईमुळे घडली असून कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. यापुढे सर्वजण परस्परांची काळजी घेतील." खाली सह्या. आठ दिवसांत सुपरवायझरने तोच कागद पुढे केला. घाई कुणी केली? मशीनवर कोण होतं? घुमी. म्हणजे चूक तिची, आणि निष्काळजी बाईला कामावर ठेवता येत नाही. वीस तारखेला पुढच्या सत्राची यादी लागणार, त्यात तिचं नाव नसणार.

आणि काल तुझ्या वर्गप्रमुखाने, त्या चष्मेवालीने, तपासून आलेला अहवाल आम्हाला कौतुकाने दाखवला. समासात तुझं अक्षर: "अडथळा आणणाऱ्या ज्येष्ठ बाईंना फार छान हाताळलंत. शाब्बास." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती ज्येष्ठ बाई म्हणजे मी, वहिनी.

मी तिथे तुझ्या आधी नऊ वर्षं आहे. तुझी नणंद खाली भांडी धुते हे मी वर कुणाला कळू दिलं नाही, तुला अवघड वाटू नये म्हणून. त्याचं हे बक्षीस. आता प्राचार्यांना लिही, की तो कागद रद्द समजावा. वीस तारखेच्या आत.

तुझी नणंद, म्हणजे अडथळा

---

८ फेब्रुवारी

वन्सं,

मी तुम्हाला वन्सं कधी म्हणते ते तुम्हाला माहीत आहे. मलाही राग आलाय.

अहवालात नावं लिहायची नाहीत हा वर्गाचा नियम आहे. पक्ष अ, पक्ष ब, ज्येष्ठ कामगार, एवढंच असतं. माणसांची अब्रू जपायला केलेला नियम आहे तो. ती ज्येष्ठ कामगार तुम्ही आहात हे मला स्वप्नात तरी कळणार होतं का? कळलं असतं तर ते वाक्य लिहिलं नसतं, हे मान्य. त्याबद्दल माफी मागते, अगदी मनापासून.

पण बाकीचं मान्य नाही. ही वीस-एकवीस वर्षांची मुलं आहेत. सुट्टीत घरी न जाता त्यांनी तुमच्या खोलीत दोन दुपारी घालवल्या. कॉलेजात कुणी याआधी तुमच्यासाठी खुर्ची मांडली होती का? सगळ्यांना सारखा वेळ दिला, कुणाचं बोलणं तोडलं नाही, मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. सही करा म्हणून कुणी हात धरला नव्हता. ज्यांना पटलं नाही त्यांनी करायची नव्हती. तुम्ही केली नसेलच, मी तुम्हाला ओळखते.

सुपरवायझरने कागदाचा गैरवापर केला, तर दोष सुपरवायझरचा. सुरी करणाऱ्याला कुणी जबाबदार धरतं का? मी त्यांना सविस्तर पत्र लिहिते आणि मुलांना तिसरी बैठक घ्यायला सांगते. तोवर कृपा करून खोलीत आरडाओरडा करू नका. तुमचा आवाज चढला की समोरचा माणूस ऐकणं बंद करतो, हे मी गेली बारा वर्षं बघतेय, आणि वर्गात शिकवतेय सुद्धा.

कागद रद्द करा असं प्राचार्यांना सांगणं मला इतकं सोपं नाही. इथला नवा वर्ग त्याच अहवालाच्या जोरावर उभा राहतोय. तो अहवाल इथल्या मंडळींना मी स्वतः वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या.

तुमची वहिनी

---

११ फेब्रुवारी

वहिनी,

टाळ्या वाजल्या हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि एक अख्खं पिंप घासून काढलं. मग पुन्हा उघडलं.

माझ्या आवाजावर बारा वर्षं अभ्यास केलास, छान. आता माझं ऐक. तुझी मुलं चांगली आहेत, मला ती आवडली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. वाईट असती तर मी दाराबाहेर काढली असती. चष्मेवालीने मला काकू म्हटलं, पाठीला आधार असलेली खुर्ची दिली, पायांच्या सुजेची चौकशी केली. एक मुलगा तर आमच्या खोलीतला वाफारा बघून रडवेला झाला. अशा मुलांशी भांडायचं कसं?

पहिल्या बैठकीत मी म्हणाले, खटका बिघडला होता, तीनदा सांगितलं होतं. तर चष्मेवालीने हळूच हात वर केला. "काकू, आपला एक नियम आहे. मागचं उगाळायचं नाही, पुढचं बोलायचं." कुणाचा नियम? मॅडमचा. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा तिने वहीत काहीतरी लिहिलं. तो बहुतेक अडथळा असावा. सुपरवायझर मात्र मान डोलावत होता. त्याला पुढचंच बोलायचं होतं, मागचं त्याच्या वहीत होतं ना.

दुसऱ्या बैठकीत घुमीला बोलावलं. हाताला पट्ट्या, बसली खाली मान घालून. तिला विचारलं, "तुम्ही समेटासाठी काय द्यायला तयार आहात?" वहिनी, जिचा हात भाजला तिला विचारतात, की तू काय देतेस? ती काही बोलली नाही. अहवालात लिहिलंय, "पक्ष ब ने मौनातून संमती दर्शवली." आता तूच सांग, तुझी ती सुरी कुणी घडवली.

आणि घाई कसली होती तेही कळलं. पाच वाजत आले होते, आमची पातेली खोळंबली होती, मी म्हणाले उद्या बघू. तर चष्मेवाली अगदी काकुळतीला आली. "काकू, शुक्रवारी जमा करायचंय. लेखी समेट झाला नाही तर चाळीस गुण जातात. चाळीस गेले तर ऑनर्स जातं." शंभरातले चाळीस. समेट झाला तर चाळीस, नाही झाला तर शून्य. हा तक्ता कुणी केला ते मी विचारत नाही.

तू मला ओळखतेस म्हणालीस. नाही ओळखत. सही मी केली. सगळ्यात आधी मी केली, आणि घुमीला म्हणाले, "कर गं, मुलांचं नुकसान नको, तुला ते घेणारच आहेत परत." तिने डाव्या हाताने सही केली. माझ्या शब्दावर केली.

तेव्हा तिसऱ्या बैठकीचं नाव काढू नकोस. वीस तारखेला नऊ दिवस राहिले.

ताई

---

१४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र काल दुपारी वर्गाच्या आधी मिळालं. तसंच हातात घेऊन वर्गात गेले आणि तासभर मला धड बोलता आलं नाही. विषय होता 'ऐकण्याची कला'.

आधी मला तुमचाच राग आला, हे लपवत नाही. सही स्वतः करायची आणि जाब मला विचारायचा. मग मी तक्ता काढून बघितला. शंभरात चाळीस. तो करताना मला वाटलं होतं, मुलं नुसती चर्चा करत बसतात, काहीतरी शेवटाला न्यायला शिकली पाहिजेत. शेवटाला नेलं त्यांनी. मी त्यांना शांतता शिकवायला निघाले आणि भांडण वेळेत बंद करायला शिकवलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते मी पहिल्या पत्रात मुद्दाम टाळलं. भांडण मुलांनी शोधलं नाही, मी निवडलं. जानेवारीत प्राचार्यांनी मला फोनवर तीन प्रकरणं दिली होती. एक प्राध्यापकांच्या बढतीचं, एक वसतिगृहाच्या वेळांचं आणि एक मेसचं. बढतीच्या भांडणात माझेच सहकारी होते, उद्या त्यांच्याशेजारी बसून चहा प्यायचा होता. वसतिगृहाच्या भांडणात पालक आले असते. मेसचं प्रकरण मी घेतलं, कारण त्या बायका फार ताणून धरणार नाहीत असं मला वाटलं. मेस म्हटल्यावर तुम्ही मनात आला होतात. ताई तिथे आहेत, काही झालं तर सांभाळून घेतील, असंही वाटलं. म्हणजे मला अगदीच काही माहीत नव्हतं असं नाही. वाचून पत्र फाडू नका, पुढचं कामाचं आहे.

काल प्राचार्यांशी फोनवर पाऊण तास भांडले. हो, भांडले, आवाज चढवून. माझं वाक्य मलाच परत ऐकवलं नाही कुणी. मी त्यांना लेखी कळवलंय, की तो कागद वर्गातला अभ्यास होता, त्यावरून कुणाला कामावरून काढता येणार नाही, आणि त्याचे चाळीस गुण मी अठराही जणांचे काढून घेतले आहेत. मुलं भडकली आहेत. चष्मेवालीचा निरोप आलाय: "आम्ही तुम्ही सांगितलं तेच केलं. शिक्षा आम्हाला का?" बरोबर आहे तिचं.

पण प्राचार्य एका मुद्द्यावर अडून बसले आहेत. ते म्हणतात, "कागद खोटा असेल, तर खरं काय ते द्या. घाई नव्हती तर काय होतं?" यादी त्यांनी बावीस तारखेपर्यंत थांबवली आहे. त्या दिवशी दुपारी ते स्वतः मुलांना घेऊन खाली येतील. यावेळी नियम एकच, मागचं आधी बोलायचं. पहिला प्रश्न मी लिहून पाठवलाय: त्या दिवशी काय झालं?

घुमी बोलणार नाही हे तुम्हीच सांगता. सुपरवायझर बोलेल आणि त्याला हवं ते बोलेल. तुम्ही मशीनपासून चार पावलांवर होतात. ताई, नक्की काय झालं होतं? मला आधी लिहून पाठवा, म्हणजे प्राचार्यांपुढे मांडता येईल.

तुमची वहिनी

---

१८ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र नाही. फोन लागतो, पण तुम्ही उचलत नाही. दादा तुमचे, पण तेही म्हणतात, "मला तुमच्यात घेऊ नका."

माझ्या निवडीबद्दल वाचून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंय, हे मला कळतंय. सोडा. मी त्याच लायकीची आहे. पण घुमीसाठी तरी चार ओळी लिहा. एरवी तुम्हाला गप्प बस म्हणताना आमची दमछाक होते, आणि नेमकं आत्ता तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात. बावीसला चार दिवस उरलेत. राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

वहिनी

---

२५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्यावर मी रागावले नव्हते. म्हणजे रागावले होतेच, मेसच्या बायका ताणून धरणार नाहीत हे वाचून तिळपापड झाला होता. पण गप्प बसले ती त्यामुळे नाही. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नामुळे. तोवर तो मला कुणी विचारलाच नव्हता.

बावीसला अठरातली अकरा मुलं आली. बाकीची गुण गेले म्हणून रुसून बसली, असं कळलं. चष्मेवाली आली होती, डोळे सुजलेले. प्राचार्य उभेच राहिले, खुर्च्या गोल मांडू दिल्या नाहीत. घुमीला बोलावलं होतं, ती दाराशी उभी होती. चष्मेवालीने कागदावरचा प्रश्न वाचला. सुपरवायझर लगेच म्हणाला, "बाईने लाल दिवा विझायच्या आत झाकण उचललं. मशीन चालू असताना उचलायचं नसतं, हे भिंतीवर लिहिलंय."

ते खरं होतं, वहिनी. भिंतीवर लिहिलंय, आणि तिने दिवा चालू असताना झाकण उचललं. ते तिने का उचललं हे खोलीत दोघींनाच माहीत होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मग मी बोलले. त्या दिवशी दुपारी पाहुण्यांची दुसरी पंगत बसायची होती, प्लेटा कमी पडल्या. वरून माणूस दोनदा येऊन गेला. घुमी मशीनपाशी दिवा विझायची वाट बघत उभी होती, नेहमीसारखी. मी ओरडले, "उचल गं, काय बघत बसलीस." ती म्हणाली, "खटका..." एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "मला माहितीये, उचल." खटका बिघडलाय हे तिच्याआधी मला माहीत होतं. तीनदा तक्रार मीच केली होती. तरी मीच तिला उचलायला लावलं.

हे मी त्या अकरा मुलांसमोर सांगितलं. चष्मेवालीने लिहून घेतलं, मी शब्द न् शब्द वाचायला लावला आणि सही केली. सुपरवायझरची तक्रारवही प्राचार्यांनी मागवून घेतली. माझ्या तिन्ही तक्रारी तारखांसकट निघाल्या.

आता कळलं ना, मी तुला एवढी का झोडपत होते? मागचं उगाळायचं नाही, हा तुझा नियम पहिल्या बैठकीत ऐकला तेव्हा मी वरवर कटकट केली. खटक्याचं बोलायला मी तयार होते, खटका सुपरवायझरचा होता. पण त्यापुढचं कुणी विचारणार नाही हे कळल्यावर आतून मला जे हायसं वाटलं ते मलाच ठाऊक. काकू म्हटलं म्हणून सही केली, मुलांच्या गुणांसाठी केली, सगळं खोटं. सुटले म्हणून सही केली. 'घाईमुळे घडली' हे वाचताना मला कळत होतं की घाई कुणाची. आणि तरी पेन घुमीच्या हातात मी दिलं. तुझा तक्ता चुकीचा होता, तुझा नियम चुकीचा होता, तुझी निवड तर चुकीची होतीच, त्यातलं मी काहीही परत घेत नाही. पण त्या सगळ्याचा फायदा घेतला तो मी.

निकाल असा लागला. घुमीचं नाव यादीत आलं, सोमवारपासून ती कामावर आहे, मशीनवर नाही, वाढपाच्या खिडकीपाशी. खटका दुरुस्त करायला माणूस आला, वीस मिनिटांचं काम निघालं. ते बघून तर मला पुन्हा आग लागली. वीस मिनिटं. मला भांड्यांच्या खोलीतल्या मुख्य बाईच्या जागेवरून काढून भाजी चिरायला बसवलंय. सुपरवायझरला समज दिली. त्याला समज आणि मला शिक्षा, हे काही मला पटलेलं नाही, आणि त्यावर मी प्राचार्यांना स्वतः लिहिणार आहे. शुद्धलेखन तपासून दे.

घुमी माझ्याशी बोलत नाही. सोमवारी मी खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "हात कसा आहे?" ती म्हणाली, "तुम्ही नका विचारू." चिरलेल्या गाजरांची परात माझ्या हातातून काढून घेतली आणि पाठ फिरवली. आज सकाळीही तसंच.

चष्मेवालीने ते बघितलं. लगेच माझ्या मागोमाग आली. "काकू, आम्ही तुम्हा दोघींना एकत्र बसवू का? यावेळी गुणांसाठी नाही, खरंच." पोरीचा हेतू चांगला होता, तरी मी तिला अशी झापली की बिचारी दोन पावलं मागे सरकली. तुलाही तेच सांगतेय, कारण पाच मार्चला तू परत येशील आणि तुझे हात शिवशिवतील. तिच्या हाताबद्दल दोन महिने सगळे बोलले. मुलं बोलली, तू बोललीस, मी तर सगळ्यात जास्त बोलले. तिच्याकडे आता तिचा राग तेवढा आहे, तो तिचा तिला राहू दे. तू ये, दादाला घेऊन जेवायला ये, माझ्याशी पोटभर भांड. आमच्या दोघींच्या मध्ये मात्र येऊ नकोस.

ताई